चिठ्ठी कुठे, खिडकी कोणती? दवाखान्यातली वाट मोजताना

वाचकांचे प्रश्न

रक्तदाब म्हणजे काय हे ठाऊक असणं वेगळं. त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात कुठल्या खिडकीवर मिळतात, कागद कुठला लागतो, कुठल्या वारी जायचं आणि गोळ्या संपल्या म्हणाले तर कुणाला गाठायचं, हे जमणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीला अभ्यासक नॅव्हिगेशनल हेल्थ लिटरसी म्हणतात. इथे आपण ‘दवाखान्यात वाट काढणं’ म्हणू. ही वाट लोकांना किती जमते ते मोजायचं कसं, यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत. पत्रं लांब होती, म्हणून प्रश्न आटोपशीर केले आहेत.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाने खानापूर तालुक्यातल्या सहा गावांत दहा प्रश्नांची पाहणी केली. ‘सरकारी दवाखान्यात जाऊन उपचार घेता येतात का?’, ‘डॉक्टरांना शंका विचारता येते का?’ असे प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. जवळजवळ सगळ्याच बायकांनी सगळ्यालाच ‘हो’ म्हटलं. त्यांतल्या कितीतरी जणी मुलगा सुट्टीवर आल्याशिवाय बेळगावला पाऊल टाकत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. चुकलं कुठे?

उत्तर : ‘येतं का?’ इथे चुकलं. चारचौघांत, त्यातही आशाताई समोर आणि सासूबाई दारात असताना, ‘मला येत नाही’ कोण म्हणेल? प्रश्न बाईच्या हुशारीवर न रोखता कामाच्या अवघडपणावर रोखा. ‘सिव्हिलमध्ये गेल्यावर आपल्याला नेमकं कुणाकडे जायचंय हे शोधणं किती सोपं किंवा अवघड जातं?’ असं विचारलं की ‘अवघड’ म्हणण्यात कमीपणा उरत नाही, कारण दोष कामाचा ठरतो. उत्तराचे पर्याय चार ठेवा : अगदी सोपं, सोपं, अवघड, अगदी अवघड. मधला ‘बरं आहे’ हा पर्याय देऊ नका. दिलात तर निम्मा गाव तिथेच जाऊन बसेल.

पाचवा एक रकाना मात्र लागतोच : ‘अशी वेळच आली नाही’. तो गुणांत धरायचा नाही, वेगळा मोजायचा. जी बाई कधी तालुक्याच्या दवाखान्यापलीकडे गेलीच नाही ती चारांतलं एक निवडायला लावल्यावर बहुधा ‘सोपं’ म्हणते, आणि तुमचा आकडा फुगतो.

दुसरी चूक जोडप्रश्नांची. ‘दवाखान्यात जाऊन उपचार घेता येतात का?’ यात एसटी मिळणं, घरून परवानगी मिळणं, चिठ्ठी करणं, डॉक्टर भेटणं, औषध मिळणं असं सगळं एका पिशवीत कोंबलंय. उत्तर ‘अवघड’ आलं तरी काय अवघड ते कळणार नाही. एका प्रश्नात एकच क्रियापद ठेवा : शोधणं, समजणं, ठरवणं, विचारणं.

वाचता न येणाऱ्यांसाठी चार चेहऱ्यांची चित्रं वापरण्याची पद्धत आहे. हसरा चेहरा दाखवला की बायका ‘डॉक्टर चांगले आहेत’ असा अर्थ लावतात, म्हणून इथे ती टाळलेली बरी. त्याऐवजी डोक्यावरच्या कळशीची चार चित्रं करून पाहा : रिकामी, पाव भरलेली, अर्धी, काठोकाठ. ओझं किती, हे विचारावं लागत नाही. पण आधी आठ-दहा जणींवर वापरून बघा आणि प्रत्येकीला ‘ही कळशी का निवडलीत?’ असं विचारा. पाणी भरपूर म्हणजे चांगलं, असा उलटा अर्थ कुणी घेतला तर चित्र बदला.

प्रश्न : मी बेळगावात समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. प्रबंधासाठी तयार प्रश्नावली वापरायची आहे. मार्गदर्शक म्हणतात, नवीन करत बसू नका. कोणती घ्यावी?

उत्तर : मार्गदर्शक बरोबर सांगतात. तुमच्या विषयाला जवळच्या दोन आहेत.

पहिली एचएलएस१९-नॅव्ह. युरोपात २०१९ ते २०२१ मध्ये १७ देशांत आरोग्य-साक्षरतेची मोठी पाहणी झाली, तिचा हा जोडभाग. तो ८ देशांत वापरला गेला. प्रश्न १२, पर्याय वर सांगितलेले चार. व्यवस्था कशी चालते हे समजणं, आपल्या दुखण्याला कुठल्या प्रकारची सेवा लागेल हे ठरवणं, विमा किती खर्च उचलतो याचा अंदाज घेणं, चाललेले बदल समजणं, रुग्ण म्हणून हक्क शोधणं, अनेक दवाखान्यांतून एक निवडणं, दर्जाची माहिती मिळवणं, भेटीची वेळ कशी घ्यायची हे समजणं, दवाखान्याच्या आत योग्य माणूस गाठणं आणि उपचार मनासारखे होत नसतील तर आपली बाजू मांडणं, असा तिचा आवाका आहे.

दुसरी ऑस्ट्रेलियात तयार होऊन २०१३ साली प्रसिद्ध झालेली एचएलक्यू. एकूण प्रश्न ४४, मोजपट्ट्या ९. त्यांतली सातवी पट्टी ‘आरोग्यव्यवस्थेत वाट काढणं’ ही आहे, ६ प्रश्नांची. तिच्यात पर्याय पाच आहेत आणि गुण म्हणजे सहा उत्तरांची सरासरी, १ ते ५ मध्ये. नऊ पट्ट्यांची एक बेरीज करायची नसते. विद्यार्थी हमखास करतात आणि तोंडी परीक्षेत अडकतात. दोन्ही प्रश्नावल्या वापरायच्या आधी मालकसंस्थेची लेखी परवानगी घ्यावी लागते. परवानगीला वेळ लागतो, म्हणून प्रबंधाचा सारांश मंजूर व्हायची वाट न बघता पत्र धाडा.

काय घेऊ नये तेही सांगतो, कारण ग्रंथालयात आधी तीच हाती लागतात. टोफ्ला ही १९९५ ची चाचणी वाचन आणि आकडेमोड तपासते. एनव्हीएस ही २००५ ची चाचणी आइस्क्रीमच्या डब्यावरचं लेबल देऊन ६ प्रश्न विचारते. तीन मिनिटांत होते म्हणून लोकप्रिय आहे. पण लेबल वाचता येणारा माणूस सिव्हिलच्या आवारात हरवू शकतो. रीम या चाचणीत ६६ वैद्यकीय शब्द मोठ्याने वाचायला देतात. इंग्रजीत स्पेलिंग एक आणि उच्चार दुसरा, म्हणून तिथे त्यातून काही कळतं. देवनागरीत जसं लिहिलं तसंच वाचतात. सातवीतला मुलगा ‘मूत्रपिंडनिकामीपणा’ खणखणीत वाचून दाखवेल. अर्थाशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न : आम्ही अशीच एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणली, इंग्रजीच्या प्राध्यापकांकडून तपासून घेतली. तरी गावात प्रश्न वाचला की ‘म्हंजे काय?’ असंच विचारतात. भाषांतर शुद्ध असून असं का?

उत्तर : शुद्ध आहे म्हणूनच. काही शब्द आपल्याकडे दुसऱ्याच अर्थाने रुळले आहेत. ‘हक्क’ म्हटलं की शेतीचा वाटा आणि हक्कसोडपत्र डोळ्यांपुढे येतं. ‘रुग्णाचे हक्क’ऐवजी ‘दवाखान्याने आपल्याला काय काय द्यायलाच पाहिजे’ असं विचारा. ‘विमा’ म्हणजे एलआयसी, फार तर गाडीचा. इथे ‘कार्डावर खर्च किती भागतो आणि खिशातून किती जातो’ असं लागतं. ‘सेवा’ म्हणजे घरातल्या म्हाताऱ्यांची करतात ती. ‘भेटीची वेळ घेणं’ प्राथमिक आरोग्य केंद्रात नसतंच. तिथे प्रश्न ‘कुठला डॉक्टर कुठल्या वारी बसतो हे कळणं’ असा होतो. मात्र सावध : असा बदल केला की तो प्रश्न मूळ प्रश्नावलीशी तुलनेला चालत नाही. मूळ बारा प्रश्न अर्थाने जसेच्या तसे ठेवा आणि आपल्या भागाचे चार-पाच प्रश्न शेवटी वेगळे जोडा, त्यांचे गुणही वेगळे.

पद्धत अशी. दोन माणसं एकमेकांना न विचारता मराठी करतात. त्यांतला एक आरोग्यक्षेत्रातला असावा, दुसरा नसावा. तिसरा दोन्हींतून एक मसुदा करतो. मूळ इंग्रजी न पाहिलेला चौथा माणूस मसुद्यावरून पुन्हा इंग्रजी करतो. फरक पडतो तिथे सगळे बसून शब्द ठरवतात. मग येते ती पायरी, जी तुम्ही गाळली असावी : पाच ते आठ गावकऱ्यांना एकेक प्रश्न वाचून दाखवायचा आणि ‘मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणायचं. दोघांनी वेगळंच सांगितलं की प्रश्न बदलायचा. त्यानंतर तीसेक जणांवर चाचपणी. प्राध्यापकांची तपासणी या पायरीची जागा घेऊ शकत नाही. त्यांना सगळंच समजतं, हीच अडचण.

आपल्या भागात आणखी एक पेच आहे. पाट्या कन्नडमध्ये, बोलणं मराठीत, अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत. ऐकून कळतं पण लिपी वाचता येत नाही, असे लोक भरपूर आहेत. ‘नोंदणी’ला कन्नडमध्येही जवळजवळ नोंदणीच म्हणतात, ‘विभाग’ला विभाग, ‘माहिती’ला माहिती. म्हणजे पाटी कुणी वाचून दाखवली तर मराठी माणसाचं निम्मं काम होतं. उलट, काही शब्द ऐकूनच फसवतात. कन्नड ‘उचित’ म्हणजे फुकट. मराठी माणूस ‘उचित चिकित्से’ ऐकून योग्य उपचार समजतो आणि पैसे काढतो. ‘सरदी’ म्हणजे पाळी, रांग, इकडे सर्दी-पडसं. ‘तुर्तु’ म्हणजे तातडीचं. आपलं ‘तूर्त’ म्हणजे सध्यापुरतं. म्हणून प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर ‘भाषा कोणती?’ एवढ्यावर थांबू नका. मराठी आणि कन्नड, आणि प्रत्येकीत कळणं, बोलणं, वाचणं असे सहा रकाने करा. गुणांतला मोठा फरक कुठल्या रकान्याशी जातो ते नंतर बघा. शिक्षणाची वर्षं आणि कन्नड लिपी या दोन गोष्टी तेव्हाच वेगळ्या काढता येतात.

प्रश्न : गुण कसे काढायचे? काही लोक मधले प्रश्न सोडून देतात.

उत्तर : एचएलएस१९-नॅव्हमध्ये उत्तर दिलेल्या प्रश्नांपैकी किती प्रश्नांना ‘सोपं’ किंवा ‘अगदी सोपं’ म्हटलं, त्याची टक्केवारी म्हणजे गुण. किमान ८० टक्के प्रश्नांना उत्तर हवं, म्हणजे १२ पैकी १०. समजा एकाने ११ प्रश्नांना उत्तर दिलं आणि त्यांतली ५ सोपी म्हटली, तर ५ भागिले ११ गुणिले १०० म्हणजे ४५.५. नऊच प्रश्नांची उत्तरं असतील तर त्या माणसाला गुण द्यायचे नाहीत. शून्य लिहायचं नाही, जागा रिकामी ठेवायची. एक्सेलमध्ये रिकाम्या घराला शून्य धरल्याने सरासरी कोसळते, ही नेहमीची चूक.

युरोपातल्या पाहण्यांतली ‘अपुरी’, ‘काठावरची’, ‘पुरेशी’ अशी वर्गवारी इथे चिकटवू नका. त्या सीमारेषा तिथल्या लोकांवरून आणि तिथल्या व्यवस्थेवरून आल्यात. त्याऐवजी प्रश्नवार आकडा द्या : कुठल्या प्रश्नाला किती जणांनी अवघड म्हटलं. दवाखान्याच्या अधीक्षकाला सरासरीशी काही करता येत नाही. ‘योग्य माणूस गाठणं सगळ्यात अवघड’ असं कळलं तर करता येतं.

प्रश्न : किती लोकांना विचारलं म्हणजे पुरे? दवाखान्याच्या दारातच उभं राहून विचारलं तर?

उत्तर : दारात भेटतात ते दारापर्यंत पोचलेले. वाट चुकलेले, अर्ध्यातून परतलेले, मेडिकलवाल्याकडून गोळी घेऊन घरी बसलेले तिथे सापडणारच नाहीत. घरोघरी जा. एका तालुक्यासाठी टक्केवारी दहा टक्के इकडेतिकडे चालणार असेल तर सगळ्या तालुक्यातून चिठ्ठ्या टाकून केलेल्या साध्या निवडीत ९६ माणसं लागतात. पाच टक्क्यांची अचूकता हवी तर ३८५. पण तुम्ही गावं निवडून प्रत्येक गावात दहा-दहा घरं घेणार असाल तर एकाच गावचे लोक एकमेकांसारखी उत्तरं देतात, म्हणून आकडा दीडपट ते दुप्पट करा. दोनशे माणसं, वीस गावं, हे दोन-तीन जणांच्या गटाला पेलतं. गावं निवडताना रस्त्यालगतची आणि कणकुंबी, जांबोटीकडची आतली, अशा दोन याद्या करून दोन्हींतून चिठ्ठ्या टाका. नाहीतर पाहणी एसटी थांब्यांचीच होते.

प्रश्न : लोक काय म्हणतात यापेक्षा त्यांना प्रत्यक्ष जमतं का, हे पाहता येईल का? आम्हाला तालुक्याच्या दवाखान्यात हे करून बघायचंय.

उत्तर : येतं, आणि मेहनत याच्यावर घालावी असं आमचं मत आहे. स्वतःचं मूल्यमापन आणि प्रत्यक्ष काम यांत फरक पडतो, दोन्ही बाजूंनी. कधी न गेलेला ‘सोपं’ म्हणतो. दहा वर्षं साखरेच्या गोळ्या नेणारी म्हातारी ‘लई अवघड बाबा’ म्हणते आणि डोळे मिटून खिडकी गाठते.

अमेरिकेत रिमा रड यांनी दवाखान्यातून चालत जाऊन अडखळण्याच्या जागा टिपण्याची एक सोपी रीत मांडली आहे. तिच्या धर्तीवर असं करता येईल. आधी वैद्यकीय अधीक्षकांची लेखी परवानगी घ्या. आजारी माणसाला कामाला लावू नका. गावातले धडधाकट स्वयंसेवक घ्या, त्यांना एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज द्या. प्रत्येकाला एकच काम, एकदाच. दुसऱ्यांदा पाठवलं तर तो शिकलेला असतो.

काम कार्डावर लिहू नका, तोंडी सांगा. ‘तुम्हाला तीन आठवडे खोकला आहे, इथे बेडका कुठे तपासतात ते शोधून त्या दारापर्यंत जा.’ किंवा ‘आईला बीपीच्या महिन्याच्या गोळ्या न्यायच्यात, आई आलेली नाही, कुठला कागद दाखवून मिळतील ते विचारून या.’ दुसरं काम पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, कारण त्याचं उत्तर कुठल्याच पाटीवर नसतं.

निरीक्षकाने पाच-सहा पावलं मागे राहायचं. हाताने तर नाहीच, डोळ्यांनीही दिशा दाखवायची नाही. दवाखान्याचा हाताने काढलेला नकाशा पॅडवर ठेवून त्यावर चाललेली वाट पेन्सिलीने आखायची. टिपायचं ते एवढंच : सुरुवातीची आणि शेवटची वेळ, किती वेळा थांबला, किती वेळा विचारलं आणि कुणाला (नर्स, शिपाई, रखवालदार, की रांगेतला दुसरा पेशंट), चुकीची वळणं किती, आणि शेवट काय (जमलं, चुकीच्या दारात गेला, की सोडून दिलं). पंधरा मिनिटं झाली किंवा माणूस गोंधळून अस्वस्थ झाला की थांबवायचं आणि ‘सोडून दिलं’ लिहायचं. एक फेरी बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत करा, एक दुपारी उशिरा. दोन वेळांतला फरक हा त्या इमारतीचा आणि माणूसबळाचा, लोकांच्या अकलेचा नव्हे.

विचारणं म्हणजे नापास, असं धरू नका. धीटपणे विचारणं हीच वाट काढण्याची कला आहे. मात्र विचारल्यावर चुकीचं उत्तर कुणी दिलं, ते वेगळ्या रंगाने टिपा. वीस नकाशे एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले की पेन्सिलीच्या रेघा कुठे गुंता होतात ते उघड दिसतं. बहुधा तो गुंता दोन-तीन जागीच असतो : दारातून आत आल्यावरचा पहिला चौक, चिठ्ठी केल्यानंतर ‘आता कुठे’ हा क्षण, आणि तपासणीचा रिपोर्ट घेऊन पुन्हा त्याच डॉक्टरकडे परतायची वाट. तिसरी जागा पाट्या रंगवणाऱ्यांच्या डोक्यातच येत नाही. बाण सगळे आत जाणारे असतात.

प्रश्न : योजनांच्या माहितीवर आम्ही पाच गुण ठेवलेत. पण निपाणीकडे कोल्हापूर जवळ, खानापूरकडे बेळगाव आणि गोवा. बरोबर उत्तर कुठलं धरायचं?

उत्तर : एकच बरोबर उत्तर धरलंत तर सीमाभागात निम्मे लोक विनाकारण नापास होतील. आधी वस्तुस्थिती.

कर्नाटकात २०१८ पासून आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक ही केंद्र आणि राज्य यांची जोड योजना आहे. बीपीएल रेशनकार्डाच्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. एपीएल असेल तर पॅकेजच्या दराच्या ३० टक्के सरकार देतं, कुटुंबाला वर्षाला दीड लाखांपर्यंत, उरलेलं खिशातून. रीत अशी की आधी सरकारी दवाखाना. तो उपचार तिथे होत नसेल तर तिथून रेफरलची चिठ्ठी घेऊन यादीतल्या खासगी रुग्णालयात. ठरलेल्या तातडीच्या आजारांत थेट जाता येतं. घसरतात ते बहुतेक या चिठ्ठीवर. आधी खासगीत दाखल होऊन मग चिठ्ठी मागायला धावतात.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपली महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. त्यावर दोन राज्यांत वादही झाला. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटरच्या आसपास आणि बेळगाव ७५ च्या, म्हणजे तिथल्या माणसाला हा प्रश्न खराच पडतो. गोव्यात बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात बाहेरच्या राज्यातल्या पेशंटना जानेवारी २०१८ पासून शुल्क पडतं. ‘गोव्यात फुकट’ ही समजूत खानापूरकडे अजून ऐकू येते.

आणखी एक घोळ : आभा क्रमांक आणि आयुष्मान कार्ड. आभा हा १४ अंकी क्रमांक आरोग्याच्या नोंदी जोडण्यासाठी आहे, त्यावर एक रुपयाचाही उपचार होत नाही. आभाचं कार्ड लॅमिनेट करून ‘आमचं पाच लाखांचं कार्ड झालं’ म्हणणारे घरोघर सापडतील.

म्हणून रकमा पाठ आहेत का, याला गुण देऊ नका, त्या बदलतातही. एक प्रसंग सांगा : ‘तुमच्या घरात कुणाला हृदयाचं ऑपरेशन सांगितलंय, घाई दोन आठवड्यांची. पहिल्या दिवशी तुम्ही कुठे जाल, कोणते कागद घ्याल, कुणाला विचाराल?’ तीन गोष्टींना एकेक गुण : विचारायचं ठिकाण खरोखर अस्तित्वात आहे का (सरकारी दवाखाना, रुग्णालयात योजनेची माहिती देणारा आरोग्यमित्र किंवा आरोग्य सल्ल्याचा १०४ क्रमांक), रेशनकार्ड आणि आधार आठवलं का, आणि दाखल होण्याआधी विचारायचं सुचलं का. राज्य कुठलंही सांगितलं तरी गुण जात नाही.

प्रसंग तातडीचा घेतलात तर रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक येतो. सीमेवर फोन पलीकडच्या राज्याच्या केंद्रातही लागू शकतो, टॉवर कुणाचा यावर ते ठरतं. तेव्हा ‘कॉल लागल्यावर पहिलं वाक्य काय बोलाल?’ असं विचारा. राज्य, तालुका, गाव आधी सांगणाऱ्याला पूर्ण गुण.

प्रश्न : सासूला विचारलं तरी उत्तर सूनच देते. कुणाचे गुण लिहायचे?

उत्तर : दोघींचे, वेगळ्या रकान्यांत. ‘एकट्याने’ आणि ‘घरातलं कुणी सोबत असताना’ अशी दोन उत्तरं घ्या आणि सोबत कोण तेही लिहा. सोबतीचा माणूस पुण्यात किंवा आखातात नोकरीला असेल तर ते उत्तर सणासुदीपुरतंच खरं.

प्रश्न : पाहणी करून दवाखान्याला अहवाल दिला. ‘लोक अडाणी आहेत, आम्ही काय करणार’ असं उत्तर मिळालं. मग उपयोग काय?

उत्तर : अहवालात बहुधा माणसांचे गुण दिले असतील. पुढच्या वेळी जागांचे द्या. ‘साठ टक्के लोकांची क्षमता कमी’ असं लिहिलं की दोष लोकांवर जातो. ‘चिठ्ठीच्या खिडकीपासून प्रयोगशाळेपर्यंत पाठवलेल्या दहांपैकी सहा जण क्ष-किरणाच्या दारात गेले’ असं लिहिलं की त्या वळणावर काय आहे ते बघायला कुणीतरी उठतं. नकाशा जोडा. मागणी खर्चिक नसावी : जमिनीवर रंगाची पट्टी, खिडक्यांना मोठे अंक, पाटीवर कन्नडखाली चित्र. अंक आणि चित्राला भाषा लागत नाही, त्यामुळे पाटीच्या भाषेचा जुना वाद दवाखान्याच्या दारात आणायचं कारण उरत नाही. चिठ्ठी देणाऱ्याने तिच्यावर पुढच्या खिडकीचा अंक पेनाने लिहायचा, एवढ्याला तर रंगही लागत नाही.

आणि बोलणी हक्कांवर आली तर नेमकं बोला. अपघात किंवा जिवावरचं दुखणं असताना पोलिसांच्या कागदपत्रांसाठी उपचार अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली स्पष्ट केलं आहे. ते सरकारी डॉक्टरला लागू आहे तसंच खासगीलाही.

बदल झाल्यावर तीन महिन्यांनी तीच कामं पुन्हा द्या. स्वयंसेवक नवे घ्या, पण पहिल्यासारखेच : तेवढंच वय, तेवढंच शिक्षण, कन्नड वाचणारे-न वाचणारे त्याच प्रमाणात. वार आणि वेळही तीच. आणि निरीक्षक बदलले असतील तर पहिले दोन नकाशे जुन्या-नव्या दोघांनी मिळून भरायचे, म्हणजे ‘थांबला’ कशाला म्हणायचं यावर दोघांचं एकमत आहे की नाही ते आधीच कळतं.